मोहफुलांची परीक्षानळी

मोहफुलं भाजून, तिळासोबत कुटून आईनं आम्हाला वाढवलं. शाळेत हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी आरमोरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते, आणि मला त्या लोकांच्या पंगतीत बसायचं होतं.

बरीच वर्षं झाली. शर्करेच्या प्रयोगासाठी घरून काहीतरी गोड आणायला सांगितलं होतं. दहावीतली एक मुलगी वाळलेली मोहफुलं घेऊन आली. त्यांचं पाणी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात, म्हणजे सुटी शर्करा असली की तापवल्यावर विटकरी होणाऱ्या द्रावणात, घालून तिनं परीक्षानळी तापवली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, मग विटकरी. इतका गडद रंग वर्गात कुणाचाच नव्हता. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. मागून कुणीतरी म्हणालं, भट्टी लागली. पोरं हसली. मी नळी मोरीत ओतली आणि उद्या साखर आण म्हणालो.

तिनं आणली. नळी निळीच राहिली. राहणारच होती. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांत असे अडकलेले असतात, की या द्रावणाच्या हाती लागत नाहीत. मोहफुलात ते बरेचसे सुटे असतात. हे मला ठाऊक होतं. पण साखर आण हे मीच सांगितलं होतं, म्हणून म्हणालो, वहीत विटकरी लिही.

ती म्हणाली, "निळं दिसून राह्यलं सर. लाल कसं लिवू?"

मी तिच्या प्रयोगवहीवर सही केली नाही. सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला तिला बसता आलं नाही. तिनं शाळाच सोडली.

या उन्हाळ्यात ती बाजारात भेटली, समोर मोहाचं टोपलं घेऊन बसलेली. कसे आहात वगैरे काही नाही. सरळ विचारलं, "माझं चुकलं होतं काय, सर?"

"नाई बाई. तुझं बरोबर होतं. मले माहीत होतं."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

लाज वाटली, म्हणालो. आमच्या घरीही मोहच खात होते, तेही सांगितलं. शेजारच्या बाया ऐकत होत्या. ती टोपल्यातली फुलं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "इथी सांगून काय करता? शाळेत सांगा."

शाळा उघडली त्या दिवशी परिपाठाला सगळ्यांसमोर सांगितलं. आताचे मुख्याध्यापक मध्येच थांबवायला आले. मी थांबलो नाही. दुपारी खुलाशाची नोटीस आली. खुलासा मागितलाय, तर हाच देतो.