मग खड्डा का नाही पडला?

वैजूची शेवटची भेट झाली तेव्हा तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि खोलीभर कुंड्या होत्या. फुप्फुसं थकलेल्या बाईला झाडांचा ऑक्सिजन मिळावा म्हणून नातेवाइकांनी मुलुंडमधल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या होत्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली ती वैतागून मला म्हणाली, "अगं, रात्री ही पण माझ्यासारखीच ऑक्सिजन घेतात. दोन-चार तुझ्याकडे ने, गर्दी तरी कमी होईल…" एवढ्यानेच तिला धाप लागली. पुढच्या आठवड्यात ती गेली.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि आम्ही राहायचोही एकाच सोसायटीत. संध्याकाळी "चल, हवा खायला" अशी मी हाक मारली की ती खाली यायची आणि गेटजवळच्या सोनमोहोराखाली बाकावर बसून रोज तेच ऐकवायची. "आपण नुसतं म्हणतो गं. खरी हवा खातो तो हा." पानाच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा कार्बन पान उन्हाच्या जोरावर धरून ठेवतं, त्याची साखर करतं आणि त्या साखरेचंच पुढे लाकूड होतं, हे तिने इतक्यांदा सांगितलं की व्याकरणाच्या तासालाही मला पानं दिसायची. ऑक्सिजन? तो पाण्यातून सुटलेला, झाडाच्या जेवणातलं उरलेलं. 'झाडं आपल्याला श्वास देतात' असं कोणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "जेवतंय ते बिचारं, आणि तुम्ही म्हणता दानधर्म करतंय," असं ती पाहुण्यांनाही सुनवायची.

दार अडवायला तिच्याकडे याच झाडाच्या छाटलेल्या फांदीचा एक ओंडका होता. येणाऱ्याला तो उचलायला लावून ती विचारायची, "एवढं वजन आलं कुठून?" लोक म्हणायचे, मातीतून. "मग झाडाखाली खड्डा का नाही पडला?" लोक हसून चहाकडे वळायचे. ती मात्र खरंच हिरमुसायची.

आणि आता सोसायटीने तिच्या नावाची पाटी लावली आहे. 'झाडे आपल्याला श्वास देतात. वैजयंतीबाईंच्या स्मरणार्थ.' तीही सोनमोहोराच्या खोडात खिळे ठोकून! माझा असा संताप झाला की… सेक्रेटरी मंगेशला मी जिन्यातच गाठलं.

"काकू, काय फरक पडतो? फीलिंग पोचली ना."

"पोचली नाही रे. उलटी पोचली."

"ठीके, कमिटीत बघतो," म्हणून तो सटकला. पाटी तिथेच. येता-जाता ती दिसली की जेवण कडू व्हायचं, आणि वैजूसाठी एवढंही आपल्याला जमू नये याचा राग यायचा.

परवा मंगेश पाण्याच्या टाकीचं काही सांगायला घरी आला. ओंडका आता माझ्या दाराशी असतो. त्याला तो अडखळला, बाजूला करायला उचलला आणि म्हणाला, "जड आहे यार हा." वैजूचाच प्रश्न माझ्या तोंडून गेला, "एवढं वजन आलं कुठून?"

"मातीतून. अजून कुठून?"

"मग झाडाखाली खड्डा का नाही पडला?"

तो हसला नाही. ओंडका हातात धरूनच त्याने खिडकीतून खाली सोनमोहोराकडे पाहिलं. "मग कुठून, काकू?"

"हवेतून. आपण श्वासातून सोडतो ना, त्या हवेतूनही. ती रोज संध्याकाळी त्या बाकावर बसून बडबडायची, त्यातलंही थोडं…" तिची फार आठवण आली.

मंगेशने ओंडका होता तसा दाराशी ठेवला. मग म्हणाला, "काकू, पक्कड आहे का घरात?"