मूठ कोणाला द्यायची

मी पुण्याला निघाले त्या संध्याकाळी ट्रॅव्हल्सची गाडी हायवेवर हॉर्न वाजवत होती, बाबा माझी बॅग खांद्यावर घेऊन दारात उभे होते, आणि आई स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीत हात घालून बसली होती.

"तिकडे गाडी सुटून राह्यली अन् तू मूठ काढून राह्यली!" बाबा ओरडले.

"सुटू द्या. एक जाईन त दुसरी येईन," आई आतूनच म्हणाली. "देवाची मूठ काढल्याबिगर मी घराच्या भायेर पाय ठेवत नाई."

तिने मूठ डब्यात टाकली, पदराला हात पुसले, आणि मग आम्ही तिघं जवळजवळ पळतच हायवेपर्यंत गेलो. गाडीचा पोरगा वैतागला होता. "मावशी, पोरगी पुन्याले चालली का अमेरिकेले?"

"तुह्यासाठी पुनं असन," आई धापा टाकत म्हणाली. "मले त अमेरिकाच हाय बाप्पा."

गाडीतले लोक हसले. मला चारचौघांत कोणी पाहिलं तरी लाज वाटते. मी पटकन वर चढले आणि नीट निरोपही घेतला नाही.

किन्हीराजा या आमच्या गावात तीन ख्रिस्ती घरं होती. बाबा पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. रविवारी त्या मोटारी भिंतीशी सरकवून पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची, तेच आमचं चर्च. आसेगावच्या चर्चचे पाळक महिन्यातून एकदा मोटरसायकलवर यायचे, एरवी बाबाच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. आणि तिन्ही घरांतल्या बाया रोज संध्याकाळी चूल पेटवण्याआधी कोठीतली एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायच्या. ती देवाची मूठ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर तिन्ही डबे एका चादरीवर रिकामे व्हायचे, आणि ते धान्य या खेपेला कोणाकडे जाणार ते तिथंच ठरायचं. घेणारा ख्रिस्तीच असला पाहिजे असं नव्हतं. शेजारच्या शांताकाकूचं घर शेतकऱ्याचं, हिंदू. तिचा हात मोडला तेव्हा मूठ तिच्याकडे गेली. पुढच्या हंगामात तिने आमच्याकडे तुरी आणून ओतल्या आणि म्हणाली, "तुमचा येशू लय हुशार हाय वो बाई. मुठीनं देते अन् पायलीनं वसूल करते!" सगळ्यात मोठ्याने बाबाच हसले होते.

मी हे सगळं सुट्टीतच पाहायचे. लहानपणापासून अकोल्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते. तिथली प्रार्थना इंग्रजीत, रांगेत उभं राहून, पाठ केलेली. घरी आले की मराठी शास्त्र अडखळत वाचायचे, आणि मूठ म्हणजे आईची एक घरगुती सवय समजायचे. तिन्हीसांजेला झाडू नये म्हणतात, तसं काहीतरी.

पुण्यात नोकरी लागली आणि तिथलं चर्चही मला सापडलं. उपासना इंग्रजीत, एका हॉलमध्ये, गाण्यांचे शब्द स्क्रीनवर. बुधवारी ऑनलाइन ग्रुप असतो. मी त्या चर्चला नावं ठेवायला हे लिहीत नाही. मला तिथं खरोखर काही मिळालं. शंका विचारता येतात हे तिथं कळलं. सकाळी फोनवर शास्त्रातला उतारा वाचून शांत बसायची सवय लागली. बाबांच्या भीतीने नाही, माझी मी प्रार्थना करू लागले. 'ग्रोथ' हा आमच्या ग्रुपचा आवडता शब्द, आणि मला वाटायचं, मी वाढतेय. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आले त्यांना हे समजेल. घरचा देव आणि आपला देव वेगळा वाटायला लागतो, आणि त्याचा थोडा अभिमानही असतो.

मग बाबा आजारी पडले. वाइंडिंगचं काम बंद झालं, आणि त्या महिन्याची मूठ आमच्याच घरी आली. आईने फोनवर हे इतक्या सहज सांगितलं की मला राग आला.

"आई, मी पाठवते ना दर महिन्याला? लोकांकडून धान्य कशाला घ्यायचं?"

"तू पैशे धाडतं, ते वायलं. हे मूठ हाय," ती म्हणाली. "नाई म्हनलं त त्यायले काय वाटन?"

तेव्हा मला तिचं म्हणणं कळलं नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मनाची काळजी करायची, हे आमच्या ग्रुपमध्ये कधी निघालं नव्हतं.

बाबा गेले. बाकीच्या दोन घरांपैकी एक मुलाकडे नागपूरला गेलं, दुसरं वाशिमला. उपासना थांबली. आईला मी पुण्याला घेऊन आले. कायमची, असं मी मनात धरलं होतं. ती "पाहू" म्हणाली होती. तिला इथं करमावं, एवढीच माझी इच्छा होती. तिच्यासाठी मऊ गादी घेतली, मोठ्या अक्षरांचं शास्त्र आणलं, लिफ्ट शिकवली.

पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "ज्वारी कुठी हाय?" दाण्याची ज्वारी माझ्याकडे नव्हतीच, पीठ पाकिटातलं. मग ती तांदळाची मूठ काढू लागली. माझ्या प्रोटीन पावडरचा रिकामा डबा तिने धुऊन घेतला. मी ऑफिसातून यायचे तेव्हा कुकर लागलेला असायचा आणि डब्यात तांदूळ थोडा वर आलेला असायचा.

डबा भरल्यावर ती म्हणाली, "आता हे कोनाले द्यायचं?"

आमच्या समोरच्या दारापाशी कोणते बूट असतात हे मला माहीत आहे. त्यांच्या लहान मुलीला नवे सँडल कधी आले, तेही मी पाहिलंय. पण त्या घरातल्या कोणाचं नाव मला माहीत नाही. मी पाहते सगळं, बोलत नाही कोणाशी. पुण्यात कोणाला मूठभर तांदूळ देता येईल असं एकही दार मला आठवलं नाही.

रविवारी ती डबा पिशवीत घालून चर्चला आली. स्वागताच्या टेबलावरची मुलगी फार गोड बोलली. "आंटी, गिव्हिंग ऑनलाइन असतं. हा कोड स्कॅन करायचा."

आईने त्या कोडकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "याच्यातून तांदूळ कशे जाईन वो बाई?" ती स्वतःच खळखळून हसली, मुलगीही हसली. मला मात्र त्या हॉलमध्ये पुढे काय गायलं गेलं ते आठवत नाही. आई गाणं ऐकत बसली होती. गावात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

शेवटी तिने जिना झाडायला येणाऱ्या रेखाताईंना डबा दिला. त्यांनी घेतला, पण संकोचून म्हणाल्या, "काकू, राग मानू नका, रेशनचाच तांदूळ घरात पडून आहे माझ्या. आणि सोसायटीवाल्यांनी पाहिलं तर म्हणतील, मी मागितला."

मी आईला म्हटलं, "बघ, आता कोणालाच धान्याची गरज नसते. रेशन आहे."

"रेशन काय आपल्या गावात भेटत नाई?" आई म्हणाली. "शांताच्या घरी कोठी भरून हाय. तरी घेतेच ना थे? तिले मालूम अस्ते, कोनाच्या हातचं हाय. मी बिमार पडलो त थेच येईन धावत."

त्यानंतरही ती मूठ काढत राहिली, पण डबा भरला की कोणाला द्यायचं हे विचारेनाशी झाली. संध्याकाळच्या प्रार्थनेतही तिचं बोलणं आखूड होत गेलं. गावाकडे ती गाई-वासरांपासून पाटलाच्या गुडघ्यापर्यंत सगळं देवाच्या कानावर घालायची. बाबा मध्येच खाकरायचे, भात गार होतो म्हणून. माझ्याकडे तिला सांगायला काही उरलंच नाही. माझी नोकरी, माझी तब्येत, आमेन. मी हे पाहत होते. शेजारचं दार वाजवून तिची कोणाशी ओळख करून द्यावी असं रोज मनात यायचं आणि रोज संकोच आडवा यायचा.

नाताळानंतर तिने पिशवी भरली. मी रडले नाही, वाद घातला.

"इथं काय कमी आहे तुला?"

"काईच कमी नाई, करुणा. लय सुखात ठेवलं तू मले," तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "पन अथी मी कोनाच्या कामाची नाई. अशी बसून राह्यलो त माही प्रार्थनाच आटून जाईन, माय."

आता ती किन्हीराजात एकटी राहते. रविवारी पुढच्या खोलीत पुन्हा सतरंजी पडते. तीवर आई आणि शांताकाकू. काकूला आपली पूजा आहे, देव आहेत, पण "एकटी कायले बसतं वो?" म्हणून ती येऊन बसते. आई फोन स्टुलावर ठेवते, आणि मी पुण्यातून ऐकते. सकाळच्या चर्चपेक्षा मला हीच उपासना जास्त लागते, हे मी ग्रुपमध्ये अजून सांगितलेलं नाही.

आईच्या प्रार्थनेला क्रम असतो. आधी "या घरातल्यायले" सांभाळ. मग शेजारपाजार, उभं पीक, गुरंढोरं, दुखणेकरी. आणि सगळ्यात शेवटी "जे दूर हायेत, परक्या मुलखात हायेत". तिथं शांताकाकूच्या ट्रक चालवणाऱ्या मुलाचं नाव येतं, आणि त्याच्यामागून माझं. पूर्वी माझं नाव पहिल्या ओळीत असायचं. बोर्डिंगमध्ये होते तेव्हासुद्धा तिथंच होतं. ते खाली कधी सरकलं, मला कळलं नाही.

एकदा धीर करून तिला विचारलं. वाटलं होतं, ती ओशाळेल.

"अवं, तू तथी हाय ना? मंग तथलाच पत्ता सांगनं पडते देवाले," ती म्हणाली. "नाई त थो तुले अथीच पाहत बसन."

काकू हसली, मीही हसले. आईचं चुकलेलं नाही. ती प्रार्थनेत खोटं बोलत नाही. पण मला अजून वाटतं, तिने पत्ता सांगायची एवढी घाई करायला नको होती. देवाने आणखी थोडे दिवस मला गावच्या घरातच पाहत बसायला हवं होतं.