सेट निर्दोष निघाला

सतरा मे १९८६, शनिवार, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. वहीतल्या पहिल्या रकान्यात मी बॅटरीच्या दोन टोकांमधला दाब लिहिला: १२.६ व्होल्ट. इंजिन बंद, दिवे बंद.

गाडी देवबागातल्या आमच्या शेजारच्या दादांची. जुनी अँबॅसिडर, मालवण ते कसाल भाड्याने फिरणारी. जानेवारीत त्यांचे लग्न झाले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे विजयदुर्गच्या एका शाळामास्तरांनी, गाडीत बसवायला परदेशातून आलेला कॅसेट प्लेअर दिला होता. तो दिला नसता तर लग्न झाले नसते, हे दोन्ही गावांना ठाऊक होते. एप्रिलपासून तो बिघडला. दिवे लावले की आवाज बसे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक बारीक शिट्टी चढत जाई.

मी भौतिकशास्त्राची शेवटची परीक्षा देऊन घरी आले होते. पुढच्या प्रवेशाच्या मुलाखतीत स्वतंत्रपणे केलेले मोजमापाचे एखादे काम दाखवावे, अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. मल्टिमीटर माझ्याकडे होता. बिघाड हवा होता, तो मिळाला.

दादांच्या आईंना मी काकी म्हणत असे. काम सोपवतानाच त्यांनी निकालाचे परिणाम सांगून टाकले.

"सेट वायट निघालो तर ही उद्याच्या सकाळच्या एसटीन माहेराक. बापाशीन दुसरो सेट दिल्यान काय मगेच परत येव दी."

ही म्हणजे दादांची एकोणीस वर्षांची बायको. ती दोन हात अंतरावर उभी होती आणि तिला ऐकू जावे म्हणूनच ते बोलले गेले होते.

"सेट आणि सून, दोनय एकाच घरातली," काकी पुढे म्हणाल्या. "कळ दाबली काय रडतत."

दादा हसले. मीही हसले; वाक्य चांगले बेतलेले होते.

मीटरच्या दोन वायरी धरायला मला एक माणूस हवे होते. मी वहिनींना घेतले. तांबडे टोक मी एकेका जागी लावणार आणि काळे टोक त्यांनी बंपरजवळच्या खरवडलेल्या नटावर दाबून धरायचे, अशी मांडणी होती. मे महिन्याच्या उन्हात पत्रा तापला होता. त्यांनी पदराची घडी मध्ये घेतली, कापड टोकाखाली सरकले आणि काटा शून्यावर पडला.

"पदर काढा. कापडातून वीज जात नाही."

"भाजता, ताई."

"दोन मिनिटं."

दोन मिनिटांची वीस झाली. फ्यूज, चावीचा स्विच, तांबड्या वायरीचा प्रत्येक सांधा. सगळीकडे साडेबारा व्होल्ट. अंगठा लाल झाला तेव्हा त्यांनी हात बदलला आणि हळूच विचारले, "बाबांचो दोष नाय मां, ताई?"

"अजून सात रीडिंग बाकी आहेत," मी म्हणाले.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सेट बाहेर काढून दोन लांब वायरींनी थेट बॅटरीला जोडला असता, तर पाच मिनिटांत तो बरा की वाईट ते कळले असते. ही चाचणी मला माहीत होती. मी ती शेवटी ठेवली, कारण उगमापासून उपकरणापर्यंत क्रमाने गेलेला तक्ता देखणा दिसतो. पाच वाजता दादांना कसालचे भाडे होते. तक्ता अर्धा राहिला.

"आये, काय ता लवकर इचार, पाशिंजर रवलेत," दादा म्हणाले.

काकी माझ्याकडे वळल्या. "एका शब्दात सांग गो. बरो काय वायट?"

"सेटपर्यंत वीज पूर्ण पोचते आहे, काकी. सेटला आज निर्दोष म्हणता येणार नाही."

विधान अचूक होते. आजही त्यातला एक शब्द मला बदलता येणार नाही. काकींनी त्यातले त्यांच्या कामाचे तेवढे उचलले.

"ऐकलंस मां? शिकलेल्या चेडवान सांगल्यान. मास्तरान खोको दिल्यान, आत भुसो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी सुटली तेव्हा मी दात घासत अंगणात उभी होते. वहिनी ट्रंक घेऊन एकट्याच गेल्या. त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती.

नऊ वाजता मी सेट थेट बॅटरीवर जोडला. तो स्वच्छ वाजला; शिट्टी नाही, घरघर नाही. मग उरली फक्त काळी वायर, सेटमधून गाडीच्या अंगावर परत येणारी. आदल्या दिवशी ती ठीकच आहे असे मी न मोजता धरून चालले होते. आता मोजली: दिवे लावून ३.४ व्होल्ट वाटेतच गळत होते. मी डॅशबोर्डच्या मागे हात घातला. बोटांना काहीतरी ओले, चिकट लागले.

ती एक पुरचुंडी होती. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या, काळ्या दोऱ्याने वायरींच्या जुडग्याला बांधलेल्या. समुद्राच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटले होते आणि ते थेंब थेंब खालच्या स्क्रूवर उतरले होते. काळी वायर त्याच स्क्रूला होती, दिव्यांचीही. स्क्रू गंजाने फुगला होता.

"आयेन बांधलेला," दादा म्हणाले. "सेट बसयलो त्याच दिवशी. दिष्ट लागा नये म्हणान."

मी काकींना बोलावले आणि सगळी साखळी क्रमाने समजावली. सेट निर्दोष आहे, मास्तर निर्दोष आहेत, बिघाड मिठाने केला आहे. वहिनींना परत बोलवा. काकींनी पुरचुंडी तळहातावर घेऊन दाबली. पाणी निथळले.

"चार म्हयन्यात इतक्या मीठ इरागला?" त्यांचा आवाज प्रथमच शांत होता. "दिष्ट जितकी वायट, तितक्या मीठ इरागता. आणि ही दिष्ट भायरची नाय, घरातली."

"काकी, तुमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीतही मिठाला पाणी सुटतं."

"चार म्हयने बरणयेक तिचोच हात लागता."

दोन घरांत दोन सारख्या पुरचुंड्या महिनाभर टांगून पाहू, असे मी सुचवले. काकींनी ऐकून घेतले नाही.

"सेट बरो म्हणतंस मां? मगे दुसरो मागाचो प्रश्नच नाय. वायट ती. आता येव नको."

काल वहिनींच्या परतीला निदान एक अट होती, दुसरा सेट. माझ्या पुराव्याने ती अट काढून टाकली. मी दादांकडे पाहिले. ते स्क्रूकडे पाहत होते.

"आता वाजतलो मां?" त्यांनी विचारले.

दहा वाजता विजयदुर्गच्या बाजूला जाणारी गाडी मालवणहून मिळाली असती. निदान मास्तरांना पत्र लिहिता आले असते, की सेट चांगला होता. मी पॉलिश पेपर मागितला. स्क्रू काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचे टोक कापून नवे केले, ग्रीस लावले. दादांनी इंजिन चालू केले, दिवे लावले, कॅसेट सरकवली आणि आवाज पूर्ण वाढवला. काळ्या वायरीवरची नोंद, अठरा मे, सकाळचे दहा वाजून पन्नास मिनिटे: ०.१ व्होल्ट.