बिनक्लचची गाडी

मोरिहिकोला दुसरी मोटरसायकल घ्यायची आहे हे ऐकून सगळ्यांत आधी हसली ती तोकिए. गाड्या विकणारी बाईच हसायला लागली तर गिऱ्हाइकाने तोंड कुठे लपवायचं? नवरा गेल्यापासून दुकान तीच चालवायची. हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, आणि जिभेला त्याहून जास्त वंगण.

"पहिली काही कुरकुर करत नाही, तरी दुसरी हवीय," ती म्हणाली. "असे पुरुष मी चेहऱ्यावरून ओळखते. घरी विचारलंत का?"

"विचारलं. म्हणाली, दुसरी मोटरसायकलच असेल तर खुशाल आणा."

"शहाणी आहे. बरं, कशी हवी?"

"निवांत हिंडायला. वाटेत एखादं फळांनी लगडलेलं झाड दिसलं तर थांबता यावं, एवढंच. गुडघे बोलायला लागलेत हो. मोठी आता जड जाते."

गुडघ्यांची ही शुद्ध थाप होती. मोरिहिको तातामी चटया शिवणारा. जन्मभर जमिनीवर उठबस केलेली. इवामीच्या आमच्या डोंगरपट्टीत साठी उलटलेल्या दुसऱ्या कोणाचे गुडघे इतके धडधाकट नसतील. खरं कारण दुकानाबाहेरच्या बाकावर बसून डब्यातली कॉफी पीत होतं. उजव्या हाताने.

त्या कारणाचं नाव इवाओ.

इवाओ शाळेत मोरिहिकोच्या दोन वर्षं पुढे होता, आणि त्या दोन वर्षांचा मान त्याने उभ्या आयुष्यात कधी सोडला नाही. हा त्याला 'इवाओ-सान, तुम्ही' म्हणायचा. तो याला 'मोरी, गाढवा'. इवाओ टपालखात्यात. आठवडाभर टपालाची लाल कब घेऊन वरच्या वाड्यांमधून फिरायचा. पायाने गिअर टाकायचा, हाताला क्लच नाही, आपटली तरी मरत नाही, अशी ती छोटी गाडी. प्रत्येक दारात थांबायचं, "टपाल आहे हो!" म्हणून ओरडायचं, पुढच्या दारात पुन्हा थांबायचं. रविवारी मात्र शेडमधून चार सिलिंडरची काळी धूड गाडी निघायची आणि समुद्र येईपर्यंत थांबायची नाही. चहाला नाही, लघवीलाही नाही. इवाओ पुढे, मोरिहिको मागे. इतक्या वर्षांत मोरिहिकोने डोंगर कमी पाहिले आणि इवाओची पाठ जास्त.

"अहो, एकदा तरी थांबू या की," समुद्रावर पोचल्यावर भाजलेलं माकूळ चघळत तो कुरकुरायचा.

"आठवडाभर थांबूनच काढलाय, मोरी. रविवारी थांबलो तर पगार कोण देणार?"

निवृत्तीच्या दिवशी इवाओने लाल गाडीची किल्ली पोस्टातल्या खिळ्याला अडकवली, गाडीसमोर कमरेत वाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "फार केलंस गं माझ्यासाठी. आता मेलो तरी तुझ्यावर बसणार नाही." लोक पोट धरून हसले. मोरिहिकोही हसला. हसण्यावारी गेलेलं बोलणं कोणी लक्षात ठेवत नाही, त्यानेही ठेवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात इवाओच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. डावी बाजू गेली. मग हळूहळू बरीचशी परत आली. जीभ तर सगळ्यांत आधी आली, पाय आला, पण डाव्या हाताची बोटं पूर्ण अशी आलीच नाहीत. तो इस्पितळात चमचा धरायला शिकत होता तेव्हा हिरोशिमाहून मुलगा आला आणि काळी गाडी विकून गेला. वाईट मनाने नव्हे, बापाच्या काळजीने. घरी आल्यावर इवाओने शेड उघडली, तर गाडीच्या जागी कांद्याच्या जुड्या टांगलेल्या. "कांदे छान वाळलेत," एवढंच म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

पुढे उन्हाळ्यात मोरिहिको इवाओच्या घरी चटया बदलायला गेला होता. तेव्हा इवाओची बायको, फुमिए वहिनी, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "रविवारी सकाळी मोटरसायकलचे बूट घालून पायरीवर बसतात. जात कुठेच नाहीत. ऊन अंगावर आलं की काढून ठेवतात." आणि चहा आणायला आत गेल्या. आमच्याकडे विनंती अशीच करतात.

तर मोरिहिकोला त्या पायरीवरून इवाओला उठवायचं होतं. डॉक्टरांची हरकत नव्हती, परवानाही शाबूत होता. पण 'घ्या, तुमच्या लुळ्या हाताला झेपेल अशी गाडी बघितलीय' असं त्याला सांगण्यापेक्षा सरळ थोबाडीत ठेवून देणं जास्त सभ्य ठरलं असतं. म्हणून गुडघे. म्हणून 'माझ्या दुसऱ्या गाडीसाठी तुमचं मत हवंय, इवाओ-सान.'

"आत या हो," मोरिहिकोने बाहेर हाक मारली. "जरा बसून बघा. तुमची माझी उंची सारखीच."

"तू माझ्यापेक्षा चार बोटं बुटका आहेस, गाढवा," म्हणत इवाओ आत आला.

पहिली गाडी जुन्या घाटाची, गोल दिव्याची, एका सिलिंडरची. तोकिएच्या मते निवांतपणाची राणी. इवाओ बसला आणि त्याचा चेहराच उजळला. खांदे आपोआप पुढे झुकले. मग त्याने क्लच दाबायला घेतला. बोटं लिव्हरवर पोचली, अर्ध्यावर गेली आणि तिथेच थरथरत राहिली. तोकिए एकदम पाना शोधायला लागली. पाना तिच्या हातातच होता.

"सीट दगडासारखी आहे," इवाओ उतरत म्हणाला. "तुझ्या ढुंगणाला नाही सोसायची."

"मलाही तेच वाटलं."

दुसरी स्कूटर. तिला क्लच नव्हता, पण मागचा ब्रेक डाव्या हाताला. इवाओने तो दाबून पाहिलाच नाही. "हिच्यावर बसलं की संडासात बसल्यासारखं वाटतं. पेपर देतेस का वाचायला, तोकिए?"

"देते. झालं की पाणी सोडा."

उरल्या कोपऱ्यातल्या दोन कब, एक लाल आणि एक हिरवी. मोरिहिकोचं मन पहिल्यापासून इथेच होतं, आधीच्या दोन नुसत्या दाखवायला. गिअर पायाला, मागचा ब्रेक पायाला, जुन्या घडणीची असल्यामुळे वळण्याच्या दिव्याचं बटणसुद्धा उजव्या अंगठ्याशी. डाव्या हाताला कामच नाही. लालचं मात्र त्याला भान होतं. तो तिच्यासमोर कोट पसरून उभा राहिला आणि इवाओला हिरवीवर बसवलं. कोवळ्या भाताचा रंग. रंग बदलला की टपाल गेलं, असा त्याचा अंदाज.

इवाओचा पाय न बघताच गिअरच्या पट्टीवर गेला. उजवी मूठ पिळली, इंजिन टकटकायला लागलं. डावा हात हँडलवरून खाली घसरला आणि मांडीवर उताणा पडला. बराच वेळ तो त्या आवाजाकडे कान देऊन बसला.

"कशी आहे?" मोरिहिकोने विचारलं.

"चांगली आहे."

आता आमच्या भागात 'चांगली आहे' याला काही अर्थ नसतो. घशाखाली न उतरलेल्या भाजीला चांगली म्हणतात, न पटलेल्या सुनेलाही. बोलण्याआधी माणूस किती थांबला यावरून ओळखायचं असतं. मोरिहिको इथेच जन्मला, इथेच म्हातारा झाला, आणि तरी त्या दिवशी त्याने ते शब्द जसेच्या तसे घेतले. त्याला तेच ऐकायचं होतं ना.

ऑक्टोबरातला रविवार. मोरिहिको हिरवी कब घेऊन इवाओच्या दारात हजर. आपली मोठी गाडी त्याने आधीच आणून ठेवलेली.

"मला नव्या गाडीची सवय नाही अजून. समुद्रापर्यंत तुम्ही न्या, मी मोठीवर येतो. येताना बदलू."

इवाओ पायरीवरून उठला. एका हाताने हेल्मेटचा पट्टा लावायला लागला. तो लागेपर्यंत मोरिहिको कौलांवरचे कावळे बघत राहिला. फुमिए वहिनींनी भाताच्या मुटक्यांची पुरचुंडी त्याच्या पिशवीत कोंबली. डोळे भरून आले होते, पण ओरडल्या मात्र, "उशीर केलात तर जेवण मांजराला घालीन!"

इवाओ पुढे, मोरिहिको मागे. पाठ किंचित डावीकडे कललेली, पण तीच. मोरिहिको हेल्मेटच्या आत मोठ्याने गात होता. त्याचं गाणं गावाला माहीत आहे, हेल्मेटचे उपकारच म्हणायचे.

मग फाटा आला. समुद्र डावीकडे. इवाओ उजवीकडे वळला.

चुकून वळला असेल म्हणून मोरिहिकोने हॉर्न दिला. कब थांबली नाही. रस्ता वरच्या वाड्यांचा, अरुंद, दोन्ही कडांनी गवत माजलेला. पहिल्या घरापाशी मात्र ती थांबली. इवाओने पाय टेकला, इंजिन चालूच. डावा हात मांडीवर उताणा. त्या हातात पूर्वी पत्रांचा गठ्ठा असायचा. दाराशेजारच्या टपालपेटीच्या तोंडावर चिकटपट्टी मारलेली. इवाओने बघितलं आणि गिअर टाकला. पुढच्या घराशी पुन्हा थांबला. तिथेही पट्टी. त्यापुढच्या घराचं छप्परच खाली बसलं होतं, तरी थांबला. मोरिहिकोची जड गाडी चढावर थांबून थांबून तापली. त्याचं गाणं कधीच बंद पडलं होतं.

शेवटच्या घरापुढे इवाओने इंजिन बंद केलं. अंगणात पर्सिमनचं झाड लगडलेलं. तोडायला कोणी नाही, म्हणून माकडांनी अर्धी अर्धी खाऊन टाकलेली फळं खाली सडत होती.

"इवाओ-सान, समुद्र तिकडे होता."

"माहितीय." त्याने हेल्मेट काढलं. "मी नाही रे वळलो. फाट्यावर समुद्रच म्हणालो मनात. पायाने गिअर टाकला, खालून हा टकटक आवाज आला, आणि बघतो तर इथे."

"मग फिरू या परत. सकाळच आहे अजून."

इवाओ पेटीवरच्या पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबत बसला. "ह्या मीच लावल्यात. म्हातारी माणसं मुलांकडे जायला निघाली की सांगायची, पोस्टमन, तेवढी पेटी बंद करून टाका, उगाच जाहिराती साठतात. येतो म्हणायची परत. मी लावायचो. मग रविवारी मोठी काढायची आणि इतकी पळवायची की कोणाचं दार म्हणून आठवू नये. तुला वाटायचं, मला समुद्र आवडतो."

"मग काय आवडायचं?"

"न थांबणं."

मोरिहिकोला तो खिळा आठवला, ती किल्ली, ते पोट धरून हसणारे लोक. "हिरवी घेतली होती मी," तो कसाबसा म्हणाला. "लाल नव्हती घेतली."

"बघितलं की. लालपुढे खांबासारखा उभा होतास." इवाओ हसला, हसू उजव्या बाजूलाच आलं. "गाडीत काही खोट नाही, मोरी. तुझ्या गुडघ्यांना मानवेल."

आत्तासुद्धा तो गुडघेच म्हणाला. मोरिहिकोला वाटलं, सांगावं एकदाचं, माझे गुडघे ठणठणीत आहेत, मला तुम्ही पुढे हवे होता. त्याने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "हो. आराम आहे आता त्यांना."

"बरं झालं." इवाओने केसांवरून हात फिरवला. "पुढच्या रविवारी येऊ नकोस. बूटही फुमिएला टाकायला सांगतो."

खालच्या वळणावर बस चढताना ऐकू आली. वाडीशी वळसा घेऊन ती पुन्हा गावाकडे उतरायची. "मी बसने जातो," इवाओ म्हणाला, "पाय दुखतोय." पाय दुखत नसावा. पण मोरिहिकोचे गुडघे दुखू शकतात, तर इवाओच्या पायाने काय पाप केलं होतं?

बस आली. आत चालक बाईशिवाय कोणी नव्हतं. इवाओ एक पायरी, मग दुसरी करत चढला आणि खिडकीशी बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन.

मोरिहिको दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहिला. माणूस एक आणि गाड्या दोन, हे तोकिएने काही सांगितलं नव्हतं. त्याने कब तिथेच सोडली, किल्ली तिलाच राहू दिली. न्यायला वर होतं कोण? मोठीवर बसला आणि बसच्या मागे निघाला.

वेळेआधी पोचायचं नाही असा बसचा नियम, म्हणून ती रिकाम्या थांब्यांवरही उभी राहायची. ती थांबली की तो थांबायचा. चालक बाईने दोनदा खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खुणावलं. तो गेला नाही. शेवटी एका थांब्यावर ती उतरून मागे आली.

"काका, वाट मोकळी आहे, जा ना पुढे. गाडी बिघडलीय का?"

"नाही, गाडी ठीक आहे."

"मग?"

मोरिहिकोने बसकडे बघितलं. खिडकीच्या काचा बंद होत्या.

"आत माझा माणूस बसलाय," तो म्हणाला.

बाईने एकदा त्याच्याकडे, एकदा खिडकीकडे बघितलं. पांढरे हातमोजे नीट केले आणि जाऊन बसली. पुढची सगळी वळणं तिने फार सांभाळून घेतली.