बावखलाचं पानी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हॉस्टेलला मुली प्लँचेट करायच्या, तेव्हा मी शेजारच्या खाटेवर खुशाल घोरत असायचे. तरी हे लिहितेय...

मी मूळची सांगलीकडची, राहते विरारला बोळिंजमध्ये, शाळेत मराठी शिकवते. माझा नवरा नितीन मागच्या वर्षी अचानक गेला. त्याच्या लॅपटॉपवर एक लॉक केलेली फाईल राहिली. नाव — 'आवाज'. त्याचा आवाज म्हणून माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पासवर्ड मराठीतून टाकायची त्याला हौस. सुचेल ते टाकून मी थकले. मग एक फुकटचा ऑनलाइन कोर्स धरला, मॉडर्न क्रिप्टोग्राफीचा. वाटलं, कुलूप तोडायला शिकवतील. तिथले सर उलट हेच पटवत बसले की नीट लावलेलं कुलूप किल्लीशिवाय उघडतच नाही. एक अक्षर चुकलं की सगळंच चुकलं. घ्या आता!

तरी नाद लागला खरा. एका रविवारी दुपारी कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकत होते. खिडकीच्या पडद्यावर ऊन हलत होतं, डोळे जड झाले. सरांचं इंग्रजी लांब लांब गेलं... आणि त्यातूनच नितीन बोलला. अगदी सहज — "बावखलाचं पानी." भीती नाही वाटली. उठूच नये असं वाटलं.

जाग आल्यावर व्हिडिओ मागे नेऊन ऐकला. नुसते सरच. बावखल हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तरी टाइप केलं, 'बावखलाचं पाणी'. नाही उघडली. रडूच फुटलं.

सासूबाई तिथेच वाल सोलत होत्या. विचारलं, "आई, बावखल म्हणजे काय?"

त्यांचे हात थांबले. "जुन्या घरामागं व्हतं आपलं. तळ्यावानी विहीर, गोड्या पान्याची. नितीन ल्हान असताना बुजवलं. तुला कोनी सांगितलं?"

पान्याची! मराठीच्या बाईंनी सवयीने शुद्धलेखन केलं होतं. 'ण' खोडून 'न' टाकला आणि फाईल उघडली.

आत फार काही नाही. नवा माइक तपासत असावा. खुर्चीची करकर, थोडी शिट्टी, मग आतून माझी हाक, "नितीन, चहा निवतोय." आणि त्याचं, "आलो गं."

त्याने कधीतरी सांगितलं असेल, असं तुम्ही म्हणाल. असेलही. मला आठवत नाही, आईंनाही नाही. कोर्स पूर्ण केला, त्यातही उत्तर मिळालं नाही.

त्या दुपारी आईंनाही ऐकवलं. "आलो गं" झालं आणि दोघींनी दाराकडे पाहिलं.