एकाच डब्यातले मित्रकिडे

"आपलेच आहेत," म्हणत आमचे साहेब हाताने माशी हाकलल्यासारखं समोरच्याचं बोलणं उडवून लावायचे. दुसऱ्याचा डबा उघडून भाजी संपवली, तरी वर हेच.

असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. आमचा जरा जास्तच निगरगट्ट होता, एवढंच.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चिंचवडला आमचं मित्रकिडे वाढवायचं केंद्र होतं. टोमॅटो पोखरणाऱ्या किडीवर आम्ही दोन किडे सोडायचो. एक जेमतेम दिसेल एवढी माशी; ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, म्हणजे कीड जन्मायच्या आधीच संपते. अशी अंडी मी जाड कागदाच्या कार्डांवर चिकटवून तयार करायचो. दुसरी एक खादाड अळी. ती समोर येईल ते अंडं खाते, कोणाचं ते बघत नाही. म्हणून दोघं वेगवेगळे न्यायचे, मध्ये काही दिवस जाऊ देऊन सोडायचे. हे साहेबच फळ्यावर चित्रं काढून शिकवायचे, आणि छान शिकवायचे. म्हणून तर माणसाचा जास्त संताप येतो.

चाकणच्या सरूबाईंनी ते ऐकून टोमॅटोवर औषध मारणं थांबवलं. नवरा वारलेला. "यंदा पीक न्हाई आलं तर दीर रान काढून घेत्यात, सायेब," त्या म्हणाल्या.

"निश्चिंत राहा. तुम्ही आपल्याच आहात."

कार्डं न्यायच्या दिवशी साहेबांना आकुर्डीला जेवणाचं आमंत्रण होतं. चाकणला दोन खेपा कोण घालणार? "अळ्याही त्याच डब्यात टाक," ते म्हणाले.

"साहेब, कार्डं खातील."

"खातात कशाला? दोन्ही आपलेच आहेत." आणि माझ्या हातातून घेऊन त्यांनीच डबा भरला.

दुपारभर साहेब जेवले. जीपमधल्या डब्यात अळ्याही जेवल्या. रानात पोचल्यावर कार्डं साफ झालेली दिसली, तरी या गृहस्थाने ती कोरी कार्डं झाडांना बांधली आणि बाईंच्या हातचा चहा पिऊन आला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने मला हे सांगितलं. मी तडक चाकण गाठून बाईंना सगळं सांगितलं. "मंग माझ्या तोंडावर का न्हाई बोलले?" एवढंच त्यांनी विचारलं. नवी कार्डं तयार होईपर्यंत किडीची अळी फळात शिरली होती. रान दिराकडे गेलं.

साहेबांना बढती मिळाली. निरोपाच्या दिवशी बाईंनी शेवटच्या तोड्याची पाटी पाठवली. वर लालभडक टोमॅटो.

"कोणाकडून?"

"चाकणच्या सरूबाईंकडून."

"बघ, म्हटलं नव्हतं? आपलेच लोक आहेत. ठेव जीपमध्ये."

पाटी ठेवताना मी एक टोमॅटो उलटून पाहिला. मग दुसरा, तिसरा. प्रत्येकाला खालच्या अंगाला भोक होतं. बाईंनी एकेक निवडून, भोक खाली करून रचला होता.

मी ते होते तसेच परत लावून ठेवले.