मिस्त्रीच्या गाडीचे इंजिन

नोकरीत हाताखालून गेलेल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही धड सांगता यायचे नाही. ही एक केस मात्र विसरावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला आणि तीच तेवढी जशीच्या तशी आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. नीट पाहिले तर गुन्हाच नव्हता, आणि तरीही माझ्या हातून त्यात दोन माणसांचे वाटोळे झाले.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. मी नवाकोरा फौजदार, नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी नेमणुकीला होतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. त्यांतले बरेचजण आता हयात नसले तरी त्यांची मुलेबाळे आहेत. ठाण्याचा निम्मा स्टाफ दुष्काळी कामांवरच्या बंदोबस्ताला जायचा आणि मागे आम्ही पाच-सहाजण उरायचो. त्यात एक जमादार होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना हुकूम द्यायचा आणि त्यांनी मला शहाणपण द्यायचे, अशी आमची व्यवस्था होती. हुकूम ते मुकाट्याने पाळत. शहाणपण मी ऐकत नसे.

एका सकाळी बॅटरी चार्जिंगचा दुकानदार ठाण्यात आला आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. स्टँडमागे ट्रक आणि जीप दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. चार-पाच वर्षे तो फावल्या वेळात जुने भाग जमवून स्वतःची मोटार बनवत होता. साऱ्या गावाला ते माहीत होते आणि गाव तिला ‘मिस्त्रीची खिचडी’ म्हणत असे. दुकानदाराचे म्हणणे असे की त्या गाडीत आता विलायती इंजिन बसले आहे आणि त्यावरचा नंबर गायब आहे. मला आनंद झाला, कारण आठवड्यापूर्वीच पुण्याहून बिनतारी संदेश आला होता. तिथल्या एका डॉक्टरांची जुनी इंग्रजी मोटार चोरीला गेली होती आणि तिचे सुटे भाग विकले जाण्याचा संभव होता. दुकानदाराला ही खबर द्यावीशी का वाटली, ते मी विचारले नाही. त्याच्या खराब बॅटऱ्यांवरून मिस्त्रीने त्याला चारचौघांत सुनावले होते, हे मला पुढे कळले. खबऱ्याला आधी ‘तुझे त्याच्याशी काय बिनसले आहे’ हे विचारावे, असे मला कोणी शिकवले नव्हते. जमादारांनी शिकवले असेलही.

दोन पंच घेऊन आम्ही मिस्त्रीच्या शेडवर गेलो. गाडी पाहून मी क्षणभर चोरीबिरी विसरलो. सांगाडा जीपचा, नगरच्या लष्करी लिलावातून आणलेला. मडगार्ड तेलाची पिंपे कापून केलेली, आणि ठोकून ठोकून अशी गोल केलेली की सांधा हाताला लागत नव्हता. दरवाज्यांच्या चौकटी सागवानी होत्या, गावच्या सुताराने घडवलेल्या. स्टिअरिंग मोडीत निघालेल्या बसचे. पुढचे दोन दिवे दोन निराळ्या गाड्यांचे, पण त्यांना पितळी कड्या अशा बसवल्या होत्या की जुळे भाऊ वाटावेत. संस्थानिकांच्या गाड्या असत तशी लांब नाकाची, उघड्या अंगाची ती मोटार होती. वर मात्र ताडपत्रीचा टप होता, आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून केलेला.

मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. एकेका भागावर हात ठेवून तो कुठून आणला ते सांगत गेला. लिलावाच्या चिठ्ठ्या त्याने एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. सांगता सांगता तो इंजिनाशी आला आणि थांबला. इंजिनावर नंबराच्या जागी नुसता काळा रंग होता. मी बोट फिरवले, जागा गुळगुळीत लागली. ‘नंबर घासून काढलेला’ असे मी पंचनाम्यात लिहिले, गाडी मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि मिस्त्रीला ठाण्यात आणले.

दुपारभर मी त्याला एकच प्रश्न विचारत होतो. इंजिन विकत घेतले, एवढे तो कबूल करत होता. कोणाकडून घेतले, ते सांगत नव्हता.

“सांगता येत नाही, की सांगायचं नाही?” मी विचारले.

“सांगायचं न्हाई, साहेब.”

मग मी त्याला कानाखाली दिली. त्या काळी ठाण्यात कानाखाली देणे म्हणजे मारणे समजले जात नसे, चौकशीची सुरुवात समजली जाई. पहिली हलकीच होती. दुसरी देताना मला राग आला होता, आणि ती नीट बसली. मिस्त्री डावा कान धरून खाली बसला. बराच वेळ मान हलवत राहिला. मग भिंतीला धरून उठला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

“आनि मारायचं तर मारा. पन ती गोष्ट माजी न्हाई, दुसऱ्याची हाय. म्या कशी सांगू?”

हे वाक्य मी चोराचे वाक्य समजलो. साथीदाराला वाचवतो आहे, अशी स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टातून त्याची पोलीस कोठडी मागून घेतली. त्याची बायको भाकरी घेऊन यायची आणि आवारातल्या लिंबाखाली बसून राहायची. तिला आडून आडून विचारून पाहिले. इंजिन शेडमध्ये कधी आले हे तिला आठवत होते, कुठून आले ते तिलाही त्याने सांगितले नव्हते. त्या बाईच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य खोटे नव्हते, आणि मला तिथेच शंका यायला हवी होती.

शंका जमादारांना आली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले की चोर असता तर एव्हाना कुणाचे तरी खोटे नाव सांगून मोकळा झाला असता. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधला फोरमन त्यांच्या ओळखीचा होता. त्याला एकदा इंजिन दाखवू या, असे त्यांनी सुचवले. हे शहाणपण मी कसेबसे ऐकले. फोरमन आला, त्याने रॉकेलचा बोळा फिरवला, चाकूचे टोक लावले आणि हसायला लागला. नंबर घासलेला नव्हताच. लाकडावर रंग देण्यापूर्वी भेगा बुजवायला लावतात ती लांबी त्यावर भरली होती आणि वरून रंग दिला होता. लांबी निघाली आणि खालून नंबर अख्खाच्या अख्खा वर आला. कायमचा खोडायचा असता तर कानशीने पाच मिनिटांचे काम होते. मिस्त्रीला तो नुसता काही दिवस झाकायचा होता, आणि मी तीन दिवसांत एकदाही नखाने खरवडून पाहिले नव्हते.

नंबर पुण्याच्या गाडीचा नव्हता. नगरच्या मोटार नोंदणी कचेरीत चौकशी केली, तेव्हा उत्तर आले की हे इंजिन आमच्याच गावातल्या एका वकिलांच्या नावावर नोंदलेल्या मोटारीचे आहे. आता मात्र मी चक्रावलो. वकील दोन वर्षांपूर्वी वारले होते, पण त्यांची मोटार घराशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली मी स्वतः येता-जाता पाहत होतो. त्यांच्या पत्नीला सगळे गाव काकी म्हणे. एकच मुलगी, तिचे लग्न संगमनेरकडच्या एका घरात ठरले होते. मुलाकडची मंडळी येऊन गेली होती, आणि मुलीबरोबर शेडमधली गाडीही कौतुकाने पाहून गेली होती, अशी गावात चर्चा होती.

मी पंच बोलवायला सांगितले. जमादार जरा घुटमळले. आधी साध्या कपड्यांत एकटे जाऊन बाईंना विचारून या, पंच काय, नंतरही नेता येतील, असे ते म्हणाले. त्यांना काय दिसले होते ते मला दिसले नाही. मी नियमावर बोट ठेवले. किराणा दुकानदार आणि शिंपी असे दोन पंच घेतले, दोन शिपाई घेतले आणि भर बाजाराच्या दिवशी सकाळी वकिलांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

काकी बाहेर आल्या. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी शेडची किल्ली आणून माझ्या हातात दिली. ताडपत्री काढली. गाडी चकचकीत होती, रोज पुसल्यासारखी. बॉनेट तारेने बांधले होते. शिपायाने तार सोडून बॉनेट उचलले, आणि आत काही नव्हते. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. रिकाम्या जागेत गोवऱ्या नीट रचून ठेवल्या होत्या, इंजिनाचे वजन गेल्यावर गाडीचे नाक वर उचलले जाऊन कुणाला संशय येऊ नये म्हणून. शिंप्याच्या तोंडून “अरे बापरे” एवढेच निघाले.

तेव्हा काकींनी सगळे सांगितले. वकिलांच्या माघारी घर ओढणे कठीण झाले होते. गाडी विकली तर गावाला कळणार आणि गावामार्फत मुलीच्या सासरी. म्हणून वरचे अंग तसेच ठेवून त्यांनी आतले सामान मिस्त्रीला दिले. लग्न पार पडेपर्यंत कुणाला सांगू नको, असे त्या म्हणाल्या आणि मिस्त्रीने खंडोबाचा भंडारा उचलून शब्द दिला. कडब्याच्या गाडीत घालून त्याने इंजिन नेले आणि कुणी ओळखू नये म्हणून नंबर बुजवला. लग्नानंतर कागद रीतसर नावावर करायचे ठरले होते.

“त्याला धरलं, ते मला कालच कळलं,” काकी म्हणाल्या. “आज मीच ठाण्यात येणार होते. तुम्ही एकटे आला असतात तरी सांगितलं असतं. यांना कशाला आणलंत?”

मी पंचांकडे पाहिले. किराणा दुकानदार मान खाली घालून उभा होता, पण दुकान उघडायची त्याला घाई झालेली दिसत होती. पंचांना गप्प बसवण्याचे कोणतेही कलम माझ्याकडे नव्हते. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळले की वकिलांच्या गाडीत गोवऱ्या निघाल्या. पाच दिवसांनी संगमनेरहून निरोप आला की मुलाच्या आजोबांच्या तब्येतीमुळे कार्य तूर्त पुढे ढकलत आहोत. ते कार्य पुन्हा निघाले नाही.

मिस्त्रीची सुटका झाली. कोर्टाचा हुकूम घेऊन गाडी न्यायला तो ठाण्यात आला, तो हा निरोप आला त्याच दिवशी. गाडी आठ-दहा दिवस उन्हात उभी होती. त्याने हँडल मारून इंजिन चालू केले, स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावले आणि मूठ डाव्या कानाला टेकवली. मिस्त्रीलोक आतला आवाज असाच ऐकतात. तो ऐकत राहिला, मग मूठ काढून पुसली, परत लावली. मग उजव्या कानाला लावून पाहिली. जमादारांच्या सगळे लक्षात आले होते. ते आत निघून गेले.

“कानाला काय झालं?” मी विचारले. विचारायची गरज नव्हती.

“शिट्टी वाजती नुसती. उजव्यानं उमगत न्हाई, सारा जलम डाव्यानंच ऐकलंय.” त्याने इंजिन बंद केले. मला वाटले, आता तो तक्रार करील, आणि मनातल्या मनात मी बचावही तयार केला. पण त्याच्या डोक्यात दुसरेच होते. “कानाचं सोडा, साहेब. पोरीचं लगीन झालं आसतं तर म्हनलो आसतो, कामी आला. फुकट गेला.”

तो गाडी ढकलत घेऊन गेला. मी दोन शिपाई मदतीला दिले, तेवढे माझ्याने झाले. पुढे त्याने ती गाडी पुरी केलीच नाही. ज्याला इंजिनाचा आवाज कळत नाही त्याच्याकडे ट्रकवाले कशाला येतील? काही महिन्यांत जीपचा सांगाडा पाण्याच्या टँकरवाल्याने नेला. इंजिन मिस्त्रीने परत काकींकडे नेऊन बसवून दिले, असे जमादारांनी सांगितले. काकींनी नको म्हटले तरी त्याने ऐकले नाही. मुलीचे दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे लग्न झाले आणि तिचे बरे चालले आहे, असे ऐकले. ते ऐकून मला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही.

पुढे मी तपास बरा शिकलो. खबऱ्याचा हेतू तपासायला शिकलो, पंच केव्हा न्यायचे आणि केव्हा थांबायचे ते शिकलो. गप्प बसलेला माणूस दरवेळी स्वतःला वाचवत नसतो, हे नव्या फौजदारांना सांगत राहिलो. चौकशीत हात उचलणे मी त्या दिवसापासून सोडले, आणि माझ्या ठाण्यात कुणाला उचलू दिला नाही. हे सगळे मी निवृत्तीच्या भाषणातही सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मात्र त्या गावात मी आणखी दीड वर्ष होतो. मिस्त्री रस्त्यात भेटायचा, रामराम घालायचा, मी मान हलवून पुढे जायचो. फौजदाराने मिस्त्रीची माफी मागायची रीत नव्हती, असे मी स्वतःला समजावत असे. त्याचा उजवा कान चांगला होता. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याला त्या कानाने ऐकू आले असते.